हापूसचा हंगाम आणि नजरेआडची माणसं

हे प्रकरण रत्नागिरी तालुक्यातल्या एका बागायतदार कुटुंबाचं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि नावं गाळली आहेत. घरात ज्यांना सगळे दादा आणि वहिनी म्हणतात, त्यांना इथेही तेच म्हणतो. मी त्यांचे हिशेब लिहितो. २०२३ च्या हंगामानंतर परत आलेल्या बॉक्सांचे पैसे कुठल्या खात्यात टाकायचे हे विचारायला मी फोन केला, आणि ग्राहकांचे फोन-मेसेज घरबसल्या सांभाळणारी माणसं शोधण्याच्या या भानगडीत ओढला गेलो.

पार्श्वभूमी

स्वतःची साडेचारशे कलमं, शिवाय कराराने घेतलेल्या दोन बागा. पूर्वी सगळा माल वाशीच्या मार्केटला जायचा आणि दलाल पाठवेल ती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मुकाट्याने घ्यायची. २०२० च्या टाळेबंदीत वहिनींनी पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांना फोन करून दोन-दोन डझनांचे बॉक्स थेट पाठवायला सुरुवात केली. त्या नातेवाइकांनी शेजाऱ्यांना सांगितलं. तीन वर्षांत हंगामाला १,४०० च्या आसपास बॉक्स थेट जाऊ लागले.

हंगाम म्हणजे मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे दहा-अकरा आठवडे. त्या काळात दादा पहाटेपासून बागेत, वहिनी पॅकिंगच्या शेडमध्ये. फळ निवडायचं, वजनावर लावायचं, डागी बाजूला काढायचं आणि दुपारी चारच्या गाडीला माल लावायचा. या सगळ्यात कमरेला खोचलेला फोन दिवसाला दीडशे वेळा वाजणार. त्यातून नीट बोलता येईल अशी रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात. वहिनी तिथे जाऊन उभ्या राहत, वहीच्या मागच्या पानावर पत्ता लिहून घेत आणि परत शेडमध्ये येईपर्यंत तो कुणाचा हे विसरत.

२०२३: दोन माणसं, दोन्ही फसलेली

दादांच्या पुतण्याच्या ओळखीने पहिला माणूस आला. मोठ्या शहरातला, पदवीधर, बोलायला एकदम चटपटीत. महिना १५,००० रुपये ठरले, पहिला महिना आगाऊ दिला. पहिले दहा दिवस बरे गेले. मग ग्राहकांना उत्तरं रात्री अकरानंतर जाऊ लागली. नंतर कळलं की तो एकाच वेळी आणखी दोन ठिकाणी काम करत होता. त्या वर्षी अक्षय्य तृतीया २२ एप्रिलला होती. १८ तारखेपासून त्याचा फोन बंद. फसवणूक म्हणावी तर आगाऊ दिलेल्या महिन्याचं काम त्याने केलं होतं. पुढच्या महिन्याचं काय, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

त्याच्या जागी घाईघाईने एक ताई घेतल्या. अर्ध्या तासाचं फोनवरचं बोलणं, एवढीच निवड. त्या कामाला पक्क्या होत्या, वेळेत उत्तरं देत होत्या. पण आठ दिवसांत बावीस ग्राहकांच्या तक्रारी आल्या: आंबा पिकलाच नाही, सुरकुतला, आंबटच राहिला. दादांचं मत तयार होतं, "ही घरबसली माणसं असलीच." ताईंना काढलं.

पुढे जूनमध्ये मी ते सगळे मेसेज वाचत बसलो. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं होतं, "बॉक्स आला, आता कुठे ठेवू?" आणि ताईंनी लिहिलं होतं, "फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे टिकतील." कच्चा हापूस फ्रीजमध्ये गेला की पिकण्याची क्रियाच मंदावते, गारठ्याने फळ बिघडतं आणि बाहेर काढलं तरी धड पिकत नाही. कोकणातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. ताई विदर्भातल्या, त्यांच्या घरी आंबा यायचा तो पिकलेलाच. त्यांनी कामाच्या पहिल्याच दिवशी वहिनींना लिहिलं होतं, "वहिनी, आंब्याची थोडी माहिती पाठवाल का?" त्या मेसेजवर निळ्या खुणा होत्या, उत्तर नव्हतं.

मी तो मेसेज वहिनींना दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या दिवशी चारची गाडी चुकली होती."

त्या हंगामात चुकीच्या किंवा अपुऱ्या पत्त्यामुळे ६१ बॉक्स परत आले नाहीतर वाटेतच वाया गेले.

समोर कोणते पर्याय होते

गणपतीत सगळे घरी जमले तेव्हा बसून विचार केला.

गावातलंच कोणी घ्यावं ही दादांची पहिली पसंती. पण लिहितावाचता येणारी, फोनवर नीट बोलणारी मुलं मुंबईला गेलेली, आणि उरलेल्यांना रेंजसाठी त्याच पडवीच्या कोपऱ्यात उभं राहावं लागणार. एका कॉल सेंटरवाल्यांकडे चौकशी केली. किमान सहा महिन्यांचा करार मागत होते, आपला हंगाम अडीच महिन्यांचा. वेबसाइटवर ऑर्डरचा फॉर्म आधीच होता. शंभरातले दहा लोक तो भरत आणि भरून झाल्यावर फोन करून विचारत, "फॉर्म भरलाय, मिळाला ना?" हापूस घेणाऱ्याला बोलायचं असतं. कार्बाइडने पिकवलेला नाही ना, साका (आतून बिघडलेला गर) निघाला तर काय, मागच्या वर्षीसारखाच देणार ना.

राहिला घरबसल्या काम करणाऱ्यांचा पर्याय, ज्याने आधीच दोनदा हात पोळले होते. दादांचा आक्षेप सरळ होता: "डोळ्यासमोर नसलेल्या माणसाला पगार कसला द्यायचा?" पुतण्याने उपाय सुचवला, दर पाच मिनिटांनी समोरच्याच्या स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर. माझं म्हणणं होतं की विदर्भातल्या ताईंच्या स्क्रीनचे हजार फोटो काढले असते तरी त्यात एक मेहनती बाई चुकीचं उत्तर लिहिताना दिसली असती, बस्स.

शेवटी ठरलं: पुन्हा घरबसली माणसंच, पण शोधायला डिसेंबरात लागायचं, मोहोर दिसू लागतो तेव्हा. मार्चमध्ये शोधलेला माणूस हा मिळेल तो माणूस असतो.

जाहिरात आणि निवड

आधी नोकरीच्या एका संकेतस्थळावर जाहिरात टाकली. चार दिवसांत ३४० अर्ज आले. त्यातले बहुतेक बटण दाबून आलेले, कामाचं स्वरूप कोणी वाचलेलं नाही. वहिनींनी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या आणि सोडून दिलं.

मग त्यांनाच सुचलं की आपल्याकडे तीन वर्षांच्या ग्राहकांची यादी आहे. ही माणसं आंबा ओळखतात, आपला माल खाल्लेला आहे. जुन्या ग्राहकांना मेसेज गेला: तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी रोज चार तास, मार्च ते मे, घरून फोन-मेसेजचं काम करू शकेल का? तास, रक्कम, पैसे कोणत्या तारखेला मिळणार, सगळं त्यातच लिहिलं. आणि शेवटी एक ओळ: "उत्तर देताना पहिल्या ओळीत तुमच्या घरचा पिनकोड लिहा."

४१ जणांनी उत्तर दिलं. पिनकोड पहिल्या ओळीत लिहिला होता १७ जणांनी. ६१ बॉक्स ज्या चुकीने गेले, तीच चूक इथे चाळणी म्हणून वापरली.

या सतरा जणांना पुढची पायरी होती पैसे देऊन चाचणी. दोन तासांचं काम, ५०० रुपये, निवड होवो न होवो. जुन्या हंगामातले दहा खरे मेसेज, नावं-नंबर काढून पाठवायचे. त्यांना उत्तरं लिहायची आणि ऑर्डरच्या तक्त्यात नोंद करायची. मेसेज मुद्दाम निवडले होते. एकात पत्ता होता, पण "शंकराच्या देवळामागे, कोणालाही विचारा" असा. एकात फक्त "मागच्या वेळसारखेच पाठवा". एक पंख्याच्या घरघरीतला व्हॉइस मेसेज. एक गृहस्थ साक्याबद्दल संतापलेले. सोबत आंब्याची दोन पानांची माहिती दिली, जी वहिनींनी दिवाळीच्या सुट्टीत बसून पहिल्यांदा लिहून काढली होती: कच्चं फळ गवतात किंवा कागदात कसं ठेवायचं, पिकायला किती दिवस, साका आतून असतो आणि बाहेरून का ओळखता येत नाही, फळ देठासकट का काढतात.

पण चाचणीच्या आधीच एक अडचण आली, जिचा आम्ही कोणी विचारच केला नव्हता. सतरांतल्या पाच जणी गप्प झाल्या. दोघींच्या नवऱ्यांचे आणि एकीच्या भावाचे फोन आले. भाऊ म्हणाला, "घरबसल्या काम म्हणून आमच्या मावशीचे चाळीस हजार गेलेत. तुमचा जीएसटी नंबर द्या." आता ताज्या फळांवर जीएसटी नाही, आणि फक्त तेवढंच विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. दादांकडे नंबरच नव्हता. त्यांनी फोनवर विचारलं, "सातबारा दाखवू का?"

हसण्यावारी गेलं, पण मुद्दा खरा होता. आम्ही महिनाभर एकाच प्रश्नावर बोलत होतो: समोरच्यावर विश्वास कसा ठेवायचा. समोरचे नेमका तोच प्रश्न आमच्याबद्दल विचारत होते. त्यातून दादांनी आधीच ठरवून टाकलं होतं की कंपनीचा फोन पाठवायचा तर २,००० रुपये डिपॉझिट घ्यायचं. त्यांच्या हिशेबाने वाजवी. पण काम देण्याआधी पैसे मागणं हीच तर फसवणाऱ्यांची पहिली खूण, १९३० या सायबर मदत क्रमांकावर असल्या तक्रारी रोज जात असतील. डिपॉझिट रद्द झालं. उलट चाचणीचे ५०० रुपये आधी पाठवायचं ठरलं, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक दिला, जो कोणालाही ऑनलाइन तपासता येतो, आणि वहिनींनी व्हिडिओ कॉल केले. भावाची बहीण चाचणीला बसली. एकूण बारा जणी झाल्या, म्हणजे ६,००० रुपये. त्यातली एक पैसे घेऊन गप्प बसली. दादा आजही ते ५०० रुपये विसरलेले नाहीत.

निर्णयाचा खरा क्षण निकालाच्या वेळी आला. एक उमेदवार एमबीए, भाषा सफाईदार, उत्तरं वाचताना वहिनी खूश. पण "माझा बॉक्स कधी पोचेल?" या प्रश्नाला त्यांनी बिनदिक्कत लिहिलं होतं, "परवा सकाळी." कुठलीच माहिती दिलेली नसताना. दुसऱ्या एक कराडच्या ताई. शुद्धलेखन यथातथाच. त्यांचं उत्तर: "गाडीची वेळ मला माहीत नाही, विचारून संध्याकाळपर्यंत कळवते." मी कराडच्या ताईंसाठी भांडलो. वहिनींना एमबीएवाल्या हव्या होत्या. शेवटी कराड, नाशिक आणि इंदूर अशा तिघी घेतल्या, एमबीएवाल्या ताईंना राखीव ठेवलं आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. इंदूरच्या ताई मराठी घरातल्या, हिंदी ग्राहकांशीही सहज बोलणाऱ्या. त्यांची मावशी पुण्यात आमचा आंबा घ्यायची.

पैसे, चाव्या आणि कागद

मोबदला ऑर्डरमागे द्यावा असं पुतण्याचं म्हणणं. त्याला मी विरोध केला, कारण मग तक्रारीच्या फोनला कोणी हात लावत नाही आणि नसलेला मालही विकला जातो. रोज चार तास, आठवड्यातून सहा दिवस, महिना १०,००० आणि ३१ मेपर्यंत टिकल्यास वर ५,००० असं ठरलं. दोन पानी करार मराठीत. सोडायचं असेल तर सात दिवस आधी सांगायचं, आणि आम्हाला काढायचं असेल तर आम्हीही सात दिवस आधी सांगायचं.

ग्राहकांशी बोलणं धंद्याच्याच व्हॉट्सॲप क्रमांकावरून. मुख्य फोन वहिनींकडे, त्याला आणखी चार उपकरणं जोडता येतात, तीन वापरली. कोणी गेलं तर मुख्य फोनवरून त्याचं उपकरण काढून टाकायचं. कराराने नंबर उतरवून घ्यायला बंदी होती, पण खरी चावी ही.

बँकेत डोकावायची परवानगी कोणालाच नव्हती. ग्राहकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला तरी "पैसे आले" हा रकाना फक्त वहिनी भरणार. हे थोडं किचकट झालं, रोज दोनदा त्यांना त्यासाठी बसावं लागे. पण हंगामात दोन स्क्रीनशॉट खोटे निघाले, तेव्हा कोणी कुरकुर केली नाही.

२०२४ च्या हंगामात काय झालं

पहिले तीन आठवडे रोज रात्री पावणेनऊला पंधरा मिनिटांचा फोन. आज काय अडलं, एवढंच. एक दिवस नाशिकच्या ताईंनी विचारलं, "ते अढी अढी म्हणता ती काय असते?" वहिनींनी तिथल्या तिथे फोन फिरवून शेडच्या मागची, भाताच्या गवतावर पसरलेली फळं दाखवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या उत्तरांत "गवतातून काढलेला" असे शब्द यायला लागले.

कराडला सोमवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे तिसऱ्या सोमवारी लक्षात आलं. त्यांची सुट्टीच सोमवारी केली. असल्या गोष्टी मुलाखतीत कोणी विचारत नाही.

एप्रिलच्या मध्यावर नाशिकच्या ताईंचे सासरे आजारी पडले. करारातली सात दिवसांची अट त्यांना पाळता येणं शक्यच नव्हतं. चार दिवस आधी सांगितलं, आणि त्या चार दिवसांत आपल्याकडच्या अर्धवट ऑर्डरी एकेक करून इंदूरच्या ताईंना समजावून दिल्या. त्यांना ३१ मेचे ५,००० प्रमाणात दिले. दादा म्हणाले, "टिकल्या नाहीत, मग कसले?" वहिनी म्हणाल्या, "गेल्या वर्षीचा तो टिकला असता तरी त्याला दिले असतेत का?"

त्यांच्या जागी एमबीएवाल्या ताई आल्या. इथे माझा अंदाज साफ चुकला. "माहीत नसेल तर विचारून सांगते म्हणायचं," एवढं एकदा सांगितल्यावर त्यांनी पुन्हा एकही तारीख मनाने दिली नाही. शिवाय पुण्यातल्या दोन सोसायट्यांची एकत्र ऑर्डर त्यांनी जमवली, जे बाकीच्या दोघींना सुचलं नव्हतं. चाचणीत दिसलेली खोड कोणत्या माणसाची जाईल आणि कोणाची नाही, हे चाचणी सांगत नाही.

सगळ्यात मोठा घोळ ७ मेला झाला. त्या दिवशी रत्नागिरीत लोकसभेचं मतदान होतं आणि कराडलाही. शुक्रवारी, १० तारखेला, अक्षय्य तृतीया, म्हणून दादांनी सकाळी डझनामागे १०० रुपये भाव चढवला आणि मतदानाच्या रांगेतून इंदूरच्या ताईंना फोनवर सांगितला. कराडच्या ताई मत देऊन दुपारी कामाला बसल्या, तक्त्यात जुनाच भाव. नऊ ग्राहकांना त्यांनी २७ डझन जुन्या भावाने दिले. २,७०० रुपयांचा फटका. रात्रीच्या फोनवर ताईच म्हणाल्या, "दादा, माझ्या पैशातून कापून घ्या."

दादा अर्धे कापायला तयार होते. वहिनींनी नाही म्हटलं. भाव तोंडी बदलला, लिहिला नाही, तर चूक त्यांची कशी? तिथून नियम झाला: भाव तक्त्याच्या पहिल्या ओळीत, रोज सकाळी आठला, आणि आठनंतर ब्रह्मदेव आला तरी बदलायचा नाही. हा नियम सगळ्यात जास्त वेळा मोडायचा प्रयत्न केला तो दादांनी.

निष्पत्ती

पत्त्याच्या चुकीने गेलेले बॉक्स ६१ वरून १४ वर आले. थेट विक्री १,४०० वरून १,९०० बॉक्सांच्या आसपास गेली. पण याचं श्रेय सगळं फोनवरच्या माणसांना देणं बरोबर नाही, त्या वर्षी फळही बरं होतं. चाचणी, मोबदला, रिचार्ज, वरचे पैसे धरून एकूण खर्च ९५,००० च्या आत. वहिनी मेअखेरीस आजारी पडल्या नाहीत, हे दादा आवर्जून सांगतात. आधीची तीन वर्षं पडत होत्या.

पुन्हा करायचं झालं तर

तिघींना फेब्रुवारीत दोन दिवस गावी बोलवायला हवं होतं. गाडीभाडं आणि जेवणखाण धरून जेवढा खर्च आला असता, तेवढा दोन आठवड्यांच्या रात्रीच्या फोनांत वहिनींच्या वेळेचा गेला. २०२५ ला बोलावलं. कराडच्या ताईंनी नूतन झेल्याने, म्हणजे आंबे काढायच्या जाळीवाल्या काठीने, स्वतः दोन फळं काढली, एक देठासकट आलं आणि एक डोक्यावर पडलं.

वहिनींना आलेल्या मेसेजवरची ती निळी खूण मी आधी पाहिली असती तर विदर्भातल्या ताईंना काढायची वेळ आली नसती. त्यांना जानेवारीत वहिनींनी फोन केला होता, माफी मागितली आणि परत बोलावलं. त्यांना शाळेत नोकरी लागली होती. तरी दोन डझन मागवले त्यांनी, पैसे भरून.

मात्र न सुटलेला भाग वेगळाच आहे. कामाची सवय झालेलं माणूस जूनमध्ये मोकळं होतं आणि पुढच्या मार्चपर्यंत त्याला दुसरं काम मिळतं. पहिल्या हंगामातल्या चौघींपैकी दोघीच २०२५ ला परतल्या. पावसाळ्यात कोकम, आंबापोळी, गणपतीच्या आसपास मोदकाचं पीठ, असं काही विकून त्यांना थोडं काम देत राहावं, अशी वहिनींची खटपट चालू आहे. आकडे अजून जुळत नाहीत.

इंदूरच्या ताईंनी महिना १२,५०० मागितले आहेत. वहिनींनी मला विचारलं, मी हो म्हटलं. दादा म्हणतात, मोहोर किती टिकतो ते बघू आणि मग सांगू.